अर्धा पडदा

खेळ चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याला चार शब्द सुनावले तर कोणी म्हणायला नको, की म्हातारीला नाचता येईना म्हणून अंगण वाकडं. मला खेळता येतं. आयुष्यभर मी लोकांना गाडी चालवायला शिकवली आहे. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली माझा वेगळा ब्रेक ठेवून, समोरून येणाऱ्या ट्रककडे बघत शांतपणे ‘आता क्लच’ म्हणणारी बाई बंदुकीच्या खेळाला घाबरत नाही.

खेळाचं नाव ‘शेवटची चौकी’, भाग दुसरा. ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीव्हीला एक डबा जोडायचा, त्याला कन्सोल म्हणतात. हातात कंट्रोलर धरायचा. त्याच्यावर दोन बुटके दांडे असतात. डाव्यानं चालायचं, उजव्यानं मान वळवायची, आणि तर्जनीखाली जो खटका येतो त्यानं गोळी झाडायची. पडद्यावर आपलं तोंड कधी दिसत नाही. दिसतात फक्त आपले हात आणि हातातली बंदूक, जणू आपणच तिथे उभे आहोत. ‘हे काय वय आहे का असलं खेळायचं,’ असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, की मग या वयात काय करायचं ते सांगा. अजून कोणी पटण्यासारखं उत्तर दिलेलं नाही.

खेळणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. यजमान गेले तेव्हा त्या चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आल्या आणि राहिल्याच. त्यांचे पती त्याआधीच गेलेले, एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात. नणंद-भावजयीचं सख्य कसं असतं हे मी वेगळं सांगायला नको. आमचंही बरीच वर्षं तसंच होतं. पण दोघींचे नवरे गेल्यावर भांडण सोडवायला कोणी उरलं नाही, आणि सोडवणारा नसला की भांडायलाही मजा येत नाही. मग आम्ही गुण्यागोविंदानं राहायला लागलो.

वन्संची सारी नोकरी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत गेली. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि काचेवर पसरलेल्या थेंबातला एकेक ठिपका ओळखायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्या तासन्‌तास न हलता बसू शकतात. मी पाच मिनिटं नाही बसू शकत. माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी आई म्हणायची.

पहिला भाग आमच्याकडे आला तो केराच्या वाटेवर असताना. वन्संच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, नवा कन्सोल घेतला आणि जुना आमच्याकडे आणून टाकला. त्याच्यात ‘शेवटची चौकी’ची तबकडी तशीच राहिलेली. कपाटावर तो डबा धूळ खात पडला होता. वन्संना लोंबत्या तारा बघवत नाहीत. एका दुपारी त्यांनी चष्मा लावून प्रत्येक तार जिथल्या तिथे खोचली, आणि टीव्हीवर एकदम धूर, ओरडाआरडा आणि एक पडका पूल दिसायला लागला. मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, तो दुसरा कंट्रोलर घे. एकटीला जमेलसं दिसत नाही.”

तो पहिला भाग तसा गावठीच होता. झाडं पुठ्ठ्याची वाटायची. शत्रू इतके खुळे, की एखादा आपला भिंतीकडे तोंड करून चालतच राहायचा, जणू शाळेत शिक्षा झाली आहे. पण त्याच्यात एक गोष्ट होती. दोघांनी खेळायचं ठरवलं, की टीव्हीचा पडदा मधोमध दुभंगायचा. डावी बाजू माझी, उजवी वन्संची. एका कोचावर बसून, एकाच टीव्हीवर, दोघी एकाच वेळी त्या गावात.

आणि आमची जोडी जमली. मी पळायची, वन्सं लपायच्या. एखाद्या उंच खिडकीत त्या दुर्बिणीची बंदूक घेऊन आडव्या व्हायच्या. मी खाली रस्त्यावर धावत सुटायची, सगळे शत्रू माझ्या मागे लागायचे, आणि मग वरून ठक, ठक, ठक. “आणखी एक,” वन्सं म्हणायच्या, प्रयोगशाळेत ठिपके टिपल्यासारख्या. शत्रू कुठे आहे हे मी त्यांना कधी विचारायची नाही. डोळा थोडा उजवीकडे नेला, की त्यांच्या अर्ध्यात माझीच पाठ दिसायची आणि माझ्या मागे कोण येतंय तेही दिसायचं. त्या माझ्या अर्ध्यात बघून सांगायच्या, “त्या दारात नको, परवा तिथेच मेली होतीस.”

जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की खिडकीचा पडदा ओढून आम्ही बसायचो ते चहाच्या वेळेपर्यंत. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक यायची, जिन्यात शेजारणीच्या चपला वाजायच्या, आणि आम्ही दोघी एका जळत्या गावात लोकांना आडवं करत बसलेल्या. त्या दुपारी मी फार सुखात होते. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. वन्संना तर नाहीच नाही, त्यांच्यापुढे हळवं बोलायची आमची रीतच नव्हती.

मग या वर्षी भाच्यानं मोठं खोकं पाठवलं. आत नवा कोरा कन्सोल आणि ‘शेवटची चौकी’चा दुसरा भाग. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही, त्याला लिहायचा कंटाळा. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या त्या खोक्यावर तुटून पडलो.

आता गुण सांगते. गाडीची सराव-परीक्षा घेताना मी आधी बरं काय ते सांगायची, म्हणजे उमेदवार पुढचं ऐकायला शुद्धीवर राहतो. चित्र असं, की ओल्या दगडावर हात फिरवावासा वाटतो. बंदुकीला वजन आहे. जड बंदूक उचलली की कंट्रोलर हातात थरथरतो आणि धावताना दम लागलेला ऐकू येतो. आवाज तर विचारू नका. हेडफोन घातले, की मागच्या डाव्या कोपऱ्यात कोणी काचेवर पाय दिला तरी मान तिकडे वळते. शत्रूंना अक्कल आली आहे. समोरून एक गोळ्या झाडत बसतो आणि दुसरा गुपचूप मागच्या जिन्यानं येतो. आणि मेलं, तर फार लांबून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. माझ्यासारख्या वारंवार मरणाऱ्या बाईला हा मोठाच दिलासा आहे.

आता दोष. अक्षरं मुंगीएवढी. दार उघडायचं बटण आणि बंदुकीत गोळ्या भरायचं बटण एकच, त्यामुळे घाईनं दार उघडायला जावं तर आपला शिपाई दारात उभा राहून निवांत गोळ्या भरत बसतो. गोष्ट काय आहे ती मला अजून कळलेली नाही. कोणीतरी कोणाचा तरी सूड घेतो आहे, आणि आमचा शिपाई मरणाच्या दारातही भाषण करतो. हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण त्या दिवशी आम्ही दोघी दोन कंट्रोलर घेऊन कोचावर बसलो, आणि वन्संनी खेळातल्या पर्यायांच्या सगळ्या याद्या खालपासून वरपर्यंत धुंडाळल्या, तरी पडदा काही दुभंगेना.

मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, “अरे, तो अर्धा-अर्धा पडदा कुठे लपवलाय यांनी?”

“मामी, तो काढून टाकला त्यांनी. आता तसं कोणी खेळत नाही. आता प्रत्येकानं आपापल्या घरून, आपापल्या टीव्हीवर खेळायचं. इंटरनेटवरून.”

“आणि घर एकच असलं तर?”

त्यावर तो म्हणाला, “म्हणूनच म्हणत होतो. आई इकडे राहायला आली, तर तुम्हाला रोज खेळता येईल. माझ्याकडे कन्सोल आहेच.”

ताकाला जाऊन भांडं लपवणारा मुलगा तो नाही. मग त्यानं सगळंच सांगितलं. आईचे गुडघे, आमच्या इमारतीचे जिने, लिफ्ट नाही, आणि त्याच्या घरी तळमजल्यावर एक खोली रिकामी, बाहेर झाडं, सून स्वतः विचारते आहे की आई कधी येणार. त्याच्या बोलण्यात एकही शब्द वावगा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

काही दिवस आम्ही पाळी-पाळीनं खेळून पाहिलं. मेलं की कंट्रोलर दुसरीला द्यायचा, असा नियम केला. हा नियम करताना आमची अक्कल कुठे गेली होती देव जाणे. मी एका झटक्यात मरायची. वन्सं मात्र एकदा का खिडकीत आडव्या झाल्या, की चहाची वेळ टळली तरी मरायच्या नाहीत. मी शेजारी हात बांधून बसायची. “वन्सं, तो बघा, तो बघा,” म्हणायची, आणि त्या म्हणायच्या, “दिसतो आहे गं मला.” हळूहळू मी भाजी चिरायला उठून जायला लागले. वन्संना ते कळलं. त्यांनी एका दुपारी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, “एक महिना जाऊन येऊ का त्याच्याकडे? तिथून दोघींना खेळता येईल.”

मी म्हटलं, “जा की. तुमचंच घर आहे ते.”

हे वाक्य मी ज्या सुरात म्हटलं, त्याच सुरात मी नापास उमेदवाराला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणायची. वन्संनी माझ्याकडे जरा बघितलं आणि बॅग काढली.

त्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी आम्ही खेळायला बसलो, त्या तिथे आणि मी इथे. आणि खरं सांगायचं तर खेळ जसा चालायला हवा तसाच चालला. आता प्रत्येकीला अख्खा पडदा. वन्संचा आवाज कानात इतका स्वच्छ, की बोलता बोलता त्यांनी चहाचा घोट घेतला तरी कळायचं. सहा जणांचे दोन गट असायचे, बाकी सगळे अनोळखी, कुठकुठले. आमच्या गटातली पोरं आम्हाला ‘मनोऱ्यातल्या आजी’ आणि ‘पळणाऱ्या काकू’ म्हणायला लागली. वन्सं माझ्याहून फार मोठ्या नाहीत, पण त्यांना आजी आणि मला काकू, हा मान मी मुकाट्यानं घेतला. आम्ही जिंकतही होतो.

फक्त एक व्हायचं. माझा डोळा सवयीनं उजवीकडे जायचा, आणि तिथे वन्सं नसायच्या. तिथे माझाच रस्ता, माझीच भिंत. बाहेरचा आरसा मोडलेली गाडी चालवताना होतं तसं व्हायचं मला. मागून कोणीतरी येऊन गोळी घालायचं आणि वन्सं कानात म्हणायच्या, “अगं, तो केव्हाचा मागे होता तुझ्या.” मला कुठून दिसणार. पूर्वी माझी पाठ मला त्यांच्या अर्ध्यात दिसत होती.

खेळ संपला की हेडफोन काढायचे. मग घर एकदम शांत व्हायचं. मी भाजी दोघींची चिरायची, सवय जाता जात नाही, आणि मग दोन्ही वेळा तीच खायची. वन्संच्या पलंगावरची चादर मी रोज झटकायची. कोणी त्यावर झोपलेलं नसताना चादर झटकण्यात काही अर्थ नाही, हे मला कळत होतं.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी खेळाच्या मधेच वन्सं म्हणाल्या, “वहिनी, हा म्हणतोय खोलीत भिंतीतलं कपाट करून घेऊ. माझ्या मापाचं, वाकायला लागणार नाही असं. रविवारी सुतार येणार आहे.”

मी विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे भिंत फोडून करायचं, तर मग इथेच राहायचं ठरवल्यासारखं आहे. तो म्हणतो, हो की नाही ते शनिवारपर्यंत सांग. काय सांगू?”

आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर “तुमची मर्जी. मी कोण सांगणारी?”

“बरं,” वन्सं म्हणाल्या, आणि पुढच्या शत्रूला त्यांनी नेम धरून पाडलं.

तो आठवडा मी स्वतःवर चडफडत काढला. आरशासमोर उभी राहून मी ते वाक्य म्हणून पाहिलं. ‘वन्सं, परत या.’ इतकं साधं वाक्य. पण त्याच्या मागून लगेच दुसरं यायचं: आणि त्या नाही म्हणाल्या तर? त्यांना तिथे झाडं आहेत, जिने नाहीत, सून ताटावर वाढून देते. इथे काय आहे? मी आणि माझी जीभ. मी त्यांना हाक मारायची, आणि त्यांनी केवळ दया म्हणून यायचं, हेही मला नको होतं. त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट, असं मी स्वतःला बजावायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की तोंड दाबणारी मीच होते आणि बुक्क्या मारणारीही मीच.

शनिवारी दुपारी आम्ही बसलो. सामना पुलाचा होता. पुलाच्या मधोमध एक झेंडा असतो. ज्याच्या गटाचे लोक तिथे जास्त वेळ टिकतील तो जिंकतो. वन्सं नेहमीप्रमाणे अलीकडच्या मनोऱ्यात. मी पुलावर. आमच्या गटातला एक पोरगा ओरडत होता, “काकू, डावीकडे, डावीकडे,” आणि मी डावीकडे न जाता सरळ गेले, कारण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एक गोळा फुटला आणि मी कोसळले.

या खेळात कोसळलं म्हणजे लगेच मरण नाही. आपण जमिनीवर पडून राहतो, पडद्याच्या कडा हळूहळू लाल होत जातात, आणि तेवढ्यात जोडीदार येऊन हात देऊ शकला तर आपण उठतो. हा नवा प्रकार पहिल्या भागात नव्हता. तो मी गुणांत धरते. मी पडून आकाश बघत होते. फार सुंदर आकाश केलंय त्यांनी, खरंच.

तेवढ्यात कानात पावलं वाजली. वन्सं मनोरा सोडून खाली उतरल्या होत्या. आमच्या इतक्या दिवसांच्या खेळात वन्संनी आपली जागा कधी सोडली नव्हती. त्या उघड्या पुलावरून माझ्याकडे पळत येत होत्या, त्यांना तो डावा दांडा कधीच नीट जमला नाही, त्यामुळे वाकड्यातिकड्या, कठड्याला धडकत. माझ्याजवळ येऊन त्या थांबल्या. आणि माझ्या कानात म्हणाल्या, “वहिनी, सुतार उद्या सकाळी येणार. मुलगा इथेच बसलाय शेजारी. शेवटचं विचारते, काय सांगू?”

मी बोलायचं बटण दाबलं.

“कपाट करू नका,” मी म्हटलं. “वन्सं, भिंत फोडू नका. मला तुम्ही इथे हव्यात. दुपारी घर खायला उठतं मला. दोघींची भाजी चिरते आणि एकटीच दोन वेळा खाते. तुमचा पलंग रोज झाडते, वेड लागल्यासारखी. तिथे तुम्हाला सुख आहे हे मला दिसतंय, मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, तुम्ही तिथेच राहायचं ठरवलंत तर मी शब्द काढणार नाही. पण मर्जी तुमची म्हणाले ते खोटं होतं. मी घाबरले होते. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी काय करणार होते? तुमच्याशिवाय मला करमत नाही. परत या.”

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की पुलावर शांतता पसरली आहे. गोळ्यांचा आवाज थांबला होता. दूर कुठेतरी एक बंदूक वाजली आणि तीही गप्प झाली.

मग एक अनोळखी पोरगा खाकरला. “काकू,” तो म्हणाला, “म्हणजे, तुमच्या लक्षात नसेल म्हणून सांगतो, हे आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.”

तेव्हा मला उमगलं काय झालं ते. बोलायचं बटण एकदा दाबून धरलं, की फक्त जोडीदाराला ऐकू जातं. पटपट दोनदा दाबलं, की चॅनेल दोन्ही गटांतल्या सगळ्यांसाठी उघडतो, आणि पुन्हा दाबेपर्यंत उघडाच राहतो. आणि मी गाडी शिकवणारी बाई. ब्रेक एकदम दाबायचा नाही, आधी दोनदा टेकवायचा, म्हणजे मागच्याला आपला दिवा दिसतो आणि तो सावध होतो, हे मी जन्मभर शेकडो लोकांच्या पायात भरवलं. घाबरले, की माझं बोट आपोआप दोनदा टेकतं. एरवी मी हा खेळ करणाऱ्यांचाच दोष मानला असता.

“गप रे,” दुसरा कोणीतरी म्हणाला. तो आमच्या गटातला नव्हता. “त्या बोलतायत ना, बोलू दे. आम्ही गोळी घालत नाही, काकू. सावकाश होऊ द्या.”

“पण मनोऱ्यातल्या आजी काय म्हणतात?” एका मुलीचा आवाज आला.

शत्रूचे दोन शिपाई आमच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले होते. या खेळात बंदूक खाली करायचं बटणच नाही, हा त्याचा आणखी एक दोष. म्हणून ते बिचारे आमच्यावर बंदूक रोखूनच, पण एका जागी, नम्रपणे उभे होते. वन्संच्या शिपायाची मान माझ्याकडे वळलेली. माझ्या पडद्याच्या कडा लाल होत चालल्या होत्या. मला वाटलं, संपलं. आपण त्यांना चारचौघांत अडचणीत टाकलं. आता त्या सभ्यपणे काहीतरी म्हणतील, आणि उद्या सुतार येईल.

आधी आवाज आला तो भाच्याचा; आईच्या कंट्रोलरवरचं बटण त्यानंच दोनदा दाबलं असणार. त्यांच्याकडे आवाज टीव्हीवरच लावतात, म्हणजे सगळ्या घरानं ऐकलं होतं. “मामी,” तो म्हणाला, “अहो, मग आधी का नाही बोललात? मी आईला रोज विचारतोय तुला तिकडे जायचंय का. आणि ती रोज म्हणते, वहिनी काही बोलत नाही, बहुतेक तिला आता एकटीला मोकळं वाटत असेल.”

“मोकळं?” मी म्हटलं.

“त्या बॅगेतून कपडे बाहेर काढत नाहीयेत, महिना झाला,” मागून सुनेचा आवाज आला. “मी दोनदा म्हटलं, आई, निदान साड्या तरी कपाटात लावू. तर म्हणतात, राहू दे, बघू.”

“अगं तू गप,” वन्सं म्हणाल्या. माझं बोलणं झाल्यापासून त्यांचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला, आणि तो नेहमीचा नव्हता. मग त्यांनी बटण दाबून धरलं असणार, एकदाच, नीट, प्रयोगशाळेतल्या शिस्तीनं, कारण पुढचं फक्त माझ्या कानात आलं.

“एवढं एक वाक्य ऐकायला,” त्या म्हणाल्या, “मला घर सोडून इतक्या लांब येऊन राहावं लागलं, वहिनी. गुडघ्यांचं काय एवढं, जिने मी बसत बसत चढेन. सुताराला नको म्हणून सांगते. सोमवारच्या गाडीनं निघते.”

मग त्यांनी मला हात दिला. पडद्यावर दोन हात आले, माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला उठवलं, आणि कडांचा लाल रंग ओसरला. मी उभी राहिले. समोर वन्संचा शिपाई, त्याच्या तोंडावर लोखंडी मुखवटा, आणि आजूबाजूला दोन्ही गटांचे लोक बंदुका रोखून खोळंबलेले.

“आजी काय म्हणाल्या?” त्या मुलीनं विचारलं. “आम्हाला नाही ऐकू आलं.”

“येतायत त्या,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. हेडफोन घालून रडलं, की आपलं रडणं आपल्याच कानात दुप्पट मोठं वाजतं. नाक ओढल्याचासुद्धा आवाज येतो. चॅनेल अजून उघडाच होता, पुलावरच्या सगळ्यांना ते ऐकू जात होतं, आणि तो बंद कसा करायचा ते मला आता ठाऊक झालं होतं. मी बटणाला हात लावला नाही.